परक्या समूहाविषयीचा संशय: उपजत किती आणि शिकवलेला किती?

प्रश्न: गावशाळा

नमस्कार. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीच्या वर्गाला शिकवतो. पारधी वस्तीवरची काही मुले आमच्याकडे नियमित येतात. मध्यंतरी वर्गातील एका मुलीने सहलीसाठी आणलेले पैसे सापडेनासे झाले. मी कोणाचे नाव घेतले नव्हते, मुलांपैकीही कोणी चकार शब्द काढला नव्हता. तरीही बहुतेक सगळ्या माना मागच्या एका बाकाकडे वळल्या. त्या बाकावरचा मुलगा, कोणी काही म्हणण्याच्या आत, दप्तर घेऊन पुढे आला आणि त्याने ते माझ्या टेबलावर उपडे केले. वह्या, झाकण तुटलेली कंपासपेटी आणि एक गोफण, एवढेच त्यात होते. पैसे नंतर त्या मुलीच्याच इंग्रजीच्या पुस्तकात निघाले.

बारा वर्षांच्या मुलाला आपली झडती आपणच द्यायची असते हे ठाऊक असावे, आणि त्याच्याच वयाच्या इतरांना अशा वेळी कोणाकडे पाहायचे हे ठाऊक असावे, या गोष्टीने मी अस्वस्थ आहे. विज्ञान शिकवणारे माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की माणूस लाखो वर्षे टोळ्या करून राहिला, परक्याला भिणारा जगला आणि न भिणारा मेला, त्यामुळे ही भीती आता मेंदूतच बसलेली आहे आणि शाळेने त्यात वेळ दवडू नये. दुसऱ्या एका बाईंच्या मते मूल कोरे असते आणि हे सगळे घरातले बोलणे ऐकून येते. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, या बाबतीत जीवशास्त्र खरोखर काय सांगते? दोन, त्यातला काही भाग उपजत असेल तर शाळेच्या हातात नेमके काय उरते? कृपया माझे समाधान करण्यासाठी लिहू नये. अभ्यासातून जे दिसले आहे तेच सांगावे.

प्रतिसाद: निरीक्षा

मी मानसशास्त्राची अभ्यासक आहे आणि समूहांमधील संबंध हाच माझा विषय आहे. मेंदूविषयी आणि बालपणाविषयी जे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते ते मांडते.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधील गोऱ्या नवजात बालकांना निरनिराळ्या वंशांच्या लोकांचे चेहरे दाखवले गेले. त्यांनी कोणत्याच चेहऱ्याला झुकते माप दिले नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र स्वतःच्या वंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहत राहिली. एवढ्यावरून वंशभेद पाळण्यातच उमलतो असे कोणी म्हणेल. परंतु पुढच्याच वर्षी इस्राएल आणि इथिओपिया येथील बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इस्राएलमधील गोऱ्या घरांतली बाळे गोऱ्या चेहऱ्यांकडे आणि इथिओपियातील बाळे काळ्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत होती, पण इथिओपियातून इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या कुटुंबांतील बाळे, ज्यांच्या अवतीभवती दोन्ही प्रकारची माणसे रोज वावरत होती, ती दोन्ही चेहऱ्यांकडे सारखीच पाहत होती. परिचिताला ओळखण्याचे कसब बाळ जन्मतः घेऊन येते, परिचित कोण हे मात्र पाळण्याभोवती कोण वावरते त्यावर ठरते. बोलीचेही असेच आहे. पाच-सहा महिन्यांचे मूल घरची भाषा बोलणाऱ्याकडे अधिक पाहते. अमेरिकेतील पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांना मित्र निवडायला सांगितले, तेव्हा परक्या हेलात बोलणाऱ्या गोऱ्या मुलापेक्षा आपल्या हेलात बोलणारा काळा मुलगा त्यांना जवळचा वाटला.

आता आपल्या सहकाऱ्यांनी उल्लेखिलेल्या मेंदूकडे येऊ. कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका, नवखेपणा आणि भावनिक दृष्ट्या महत्त्वाचे जे जे असेल ते टिपणे हे त्याचे काम. २००० साली अमेरिकेतील एका प्रयोगात गोऱ्या सहभागींना अनोळखी काळे चेहरे दाखवले असता, ज्यांच्या मनातील काळ्यांविरुद्धचा नकळत असलेला कल अधिक तीव्र होता त्यांच्या अमिग्डलाचा प्रतिसादही अधिक तीव्र दिसला. हा निष्कर्ष फार दूरवर पोहोचला आणि ‘भेदभाव मेंदूतच असतो’ हे वाक्य रूढ झाले. पुढचे प्रयोग तितके पोहोचले नाहीत, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटतात. २००५ च्या एका प्रयोगात चेहरे दाखवताना सहभागींना एक साधे काम दिले होते: या व्यक्तीला अमुक भाजी आवडत असेल का, याचा अंदाज करायचा. समोरच्याकडे स्वतःच्या आवडीनिवडी असलेला माणूस म्हणून पाहणे भाग पडताच अमिग्डलातील तो फरक मावळला. २००८ मध्ये गोऱ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे मिश्र संघ करून सहभागींना त्यांतील एका संघात घातले, तेव्हा मेंदूचा प्रतिसाद कातडीचा रंग सोडून ‘आपला संघ’ या ओळखीमागे गेला. २०१३ मध्ये चार ते सोळा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात हा वांशिक प्रतिसाद लहान मुलांत आढळला नाही. तो किशोरवयात क्रमाक्रमाने दिसू लागला, आणि ज्यांच्या मित्रमंडळात सगळ्या प्रकारची मुले होती त्यांच्यात तो कमी होता. मेंदूचे हे अभ्यास छोट्या गटांवरचे असतात, त्यामुळे एकेकट्या निष्कर्षावर फार भार टाकू नये. तरी सगळ्यांचा रोख एकाच दिशेने आहे.

जे मला खरोखर उपजत वाटते ते मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांच्या प्रयोगांतून दिसते. ताज्फेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून ते जर्मनांच्या कैदेत पडले आणि सुटून आले तेव्हा त्यांचे जवळपास सगळे कुटुंब मारले गेले होते. १९७० च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलमधील चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके दाखवून किती ठिपके आहेत याचा अंदाज विचारला. नंतर काहींना सांगितले की तुम्ही जास्त अंदाज करणाऱ्यांत मोडता आणि काहींना सांगितले की कमी अंदाज करणाऱ्यांत. प्रत्यक्षात ही विभागणी निव्वळ स्वैर होती. मग प्रत्येकाला एकेकटे बसवून आकड्यांचे तक्ते भरायला दिले. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात दोन आकडे होते, वरचा आपल्या गटातील कोणा एकाला मिळणारे गुण आणि खालचा दुसऱ्या गटातील कोणा एकाला मिळणारे गुण. गुणांचे शेवटी पैसे व्हायचे. याच मालिकेतील पुढच्या प्रयोगातल्या एका तक्त्याच्या एका टोकाला ७ आणि १ होते, मधोमध १३ आणि १३, दुसऱ्या टोकाला १९ आणि २५. आपल्या माणसाला जास्तीत जास्त मिळावे एवढेच मनात असते तर मुलांनी १९ चा रकाना उचलला असता, पण तेथे समोरच्याला २५ जातात. पुष्कळ मुलांनी १९ वर पाणी सोडले आणि आपला आकडा समोरच्याच्या वर राहील अशा रकान्याकडे ती झुकली. समोर कोणाचा चेहरा नव्हता, जुने वैर नव्हते, आपल्या निवडीतून स्वतःला दिडकीही मिळणार नव्हती.

एवढी तयारी आपण जन्मतः घेऊन येतो असे मानायला आधार आहे: ‘आपण’ आणि ‘ते’ अशी रेघ चटकन ओढण्याची आणि रेघेच्या अलीकडच्यांना उजवे ठरवण्याची. ती रेघ कोठून जाईल हे मात्र शरीरात कोठेही लिहिलेले नाही. ब्रिस्टलमध्ये ठिपके पुरले होते.

प्रतिसाद: भीमाकाठ

निरीक्षा यांनी सांगितलेल्या चेहऱ्यांच्या प्रयोगांत फरक डोळ्यांना दिसणारा आहे. आपल्याकडील परिस्थिती तेथेच वेगळी होते. पारधी समाजात भोसले, पवार, काळे, चव्हाण हीच आडनावे आहेत. सातवीच्या हजेरीपटावर नजर टाकली तर कोणता पवार गावातला आणि कोणता वस्तीवरचा हे त्रयस्थाला सांगता येणार नाही, आणि उन्हाने रापलेला चेहरा शेतकऱ्याच्या पोराचाही तसाच असतो. तरीसुद्धा वर्गाला कोणाकडे पाहायचे ते समजले. जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते कोणीतरी सांगितलेलेच असले पाहिजे. पारधी वस्त्यांवर दाखल्यांची आणि शाळाप्रवेशाची कामे करताना मी हे वारंवार पाहिले आहे की गावातल्या मुलाला पाढे पाठ होण्याआधी ही माहिती पाठ झालेली असते.

ही माहिती आली कोठून, याला तारीख आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा होता की हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तेव्हा चोरी हाही काही जातींचा पिढीजात धंदा असला पाहिजे. एखादी जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्यात जन्म घेणे एवढाच पुरावा पुरे होई. नाव नोंदवायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, पासाशिवाय हद्द ओलांडायची नाही. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ पासून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी बंदिस्त वसाहती उभ्या राहिल्या आणि सोलापुरात तर वसाहतीतील माणसे गिरण्यांच्या कामाला जुंपली गेली. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, बेरड अशा कितीतरी जमातींच्या कपाळी हा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात आणि तो दिवस त्या पाळतात. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि ठाण्यांतील संशयाची पद्धत फारशी बदलली नाही. आजही परिसरात घरफोडी झाली की पहाटे पहिली गाडी बहुधा वस्तीवरच येते, आणि ती येते हे गाव पाहत असते. मुलांना वेगळे काही शिकवावे लागत नाही.

त्यातच उपजीविका गेली. फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लावे, हरणे धरणारा माणूस. वनकायद्यांनी त्याला रानातून मागे रेटले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचे उरलेसुरले कसबही गुन्हा ठरले. त्या कायद्याची गरज मी नाकारत नाही, पण ज्याचा धंदा बंद केला त्याला दुसरा देण्याची निकड कोणालाही वाटली नाही, हे मी संतापाने लिहीत आहे. जमीन नाही, जन्माची नोंद नाही, म्हणून जातीचा दाखला नाही. मग पाल हलवत राहायचे, आणि ज्याचे पाल हलते त्याच्यावर संशय घ्यायला गाव मोकळे.

रक्ताच्या मुद्द्यावरही बोलले पाहिजे, कारण ‘हे त्यांच्या रक्तातच असते’ हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मूळ वंशात न शोधता लग्नाच्या बंदीत शोधले होते: एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि काहींना दार आपल्यासाठी बंद झालेले आढळले. २०१३ मध्ये हैदराबाद आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जनुकांच्या अभ्यासावरून दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूह एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि त्यानंतर ते मिसळणे थांबत गेले. आधी समाजाने कुंपण घातले आणि त्यामुळे रक्त वेगळे राहिले, असा हा क्रम आहे.

हा संशय कोठवर जातो ते धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली. मुले चोरणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्याआधी मोबाइलवरून पसरलेली होती. अफवा काही दिवसांची असेल, पण पालावरच्या माणसावर ती चिकटावी याची तयारी फार जुनी होती.

प्रतिसाद: जुना_वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले. राईनपाड्याचे समर्थन कोणीही शहाणा माणूस करणार नाही. तरीही दोन शंका प्रामाणिकपणे मांडतो.

पहिली शंका उत्क्रांतीविषयीची. टांझानियातील गोम्बे येथे १९७४ ते १९७८ या काळात चिंपांझींच्या एका टोळीने शेजारच्या टोळीतील नर एकेक करून संपवले, हे जेन गुडाल यांच्या निरीक्षणांतून जगाला समजले. चिंपांझींना ना जात असते ना वृत्तपत्र. मग परक्याचा द्वेष समाजाने शिकवला असे कसे म्हणता येईल?

दुसरी शंका रोजच्या जगण्यातली आहे. नोकरीच्या निमित्ताने मी खेड्यांत राहिलो आहे. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याने पुढच्या वेळी सावध राहू नये काय? अनुभवातून आलेल्या सावधपणाला आपण सरसकट पूर्वग्रह म्हणू लागलो, तर ज्यांचे नुकसान झाले त्या गोरगरीब शेतकऱ्यांवर अन्याय होईल.

प्रतिसाद: निरीक्षा

आपल्या शंका योग्य आहेत आणि त्यांना टाळून हा विषय पुढे जाऊ शकत नाही.

गोम्बेमधील ज्या टोळीचा नाश झाला ती काही वर्षांपूर्वी मूळ टोळीतूनच फुटून निघालेली होती. मारणारे आणि मरणारे एकमेकांना ओळखत होते, एकत्र वावरलेले होते, एकमेकांचे केस विंचरलेले होते. टोळीने हल्ला करण्याची क्षमता आपल्या वंशवृक्षात खोलवर असेल, हे मी मान्य करते. परंतु कालचा सोबती आज परका ठरू शकतो हेच त्या घटनेत दिसते, तेव्हा ‘परका कोण’ हे तेथेही जन्माने ठरलेले नव्हते. २००१ मधील एका अमेरिकी प्रयोगातही याला दुजोरा मिळतो. दोन गटांचे भांडण ऐकवताना बोलणाऱ्यांच्या अंगात गटाप्रमाणे वेगळ्या रंगाचे सदरे दाखवले, तेव्हा कोण काय बोलले हे आठवताना लोक कातडीच्या रंगावर पूर्वीइतके विसंबेनासे झाले. माणसाचे मन कोण कोणाच्या बाजूने आहे याचा माग काढत असते आणि जी खूण हाती लागेल ती वापरते.

अनुभवाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण अनुभव आपल्याला वाटतो तितका सरळ साठवला जात नाही. १९७६ मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांतील व्यक्तींविषयी वाक्ये वाचायला दिली. मोठ्या गटाविषयी २६ वाक्ये होती, १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट. छोट्या गटाविषयी १३, त्यांपैकी ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण दोन्हींकडे सारखेच. वाचणाऱ्यांना मात्र छोट्या गटाने अधिक वाईट कृत्ये केल्याचे आठवले. छोटा गट विरळ भेटतो आणि वाईट कृत्यही विरळ असते. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या मनात ठसतात. वाचणाऱ्यांच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता, नुसत्या स्मरणाने हे घडले. गावातल्याच कोणी केलेली चोरी ‘अमक्याच्या थोरल्याने केली’ म्हणून लक्षात राहते, वस्तीवरच्याने केलेली ‘पारध्यांनी केली’ म्हणून. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने कडी-कुलूप मजबूत करावे, फिर्याद द्यावी, यात कोणाचाही आक्षेप असणार नाही. ज्या मुलाने काहीच केले नाही त्याच्याकडे पाहणे हा मात्र त्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी महत्त्वाची आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जातीचा उल्लेख केला नाही तेव्हा उच्च मानलेल्या आणि दलित जातींतील मुलांची कामगिरी सारखी होती. सुरू करण्याआधी सर्वांदेखत प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती आणि कोडीही तीच होती. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे मुलांना कळते आणि ते त्यांच्या हातात उतरते.

प्रतिसाद: क्षितिज

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे शाळेच्या हातात काय उरते याला, थेट हात घालतो.

१९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडले की समूह एकमेकांच्या संपर्कात आल्याने पूर्वग्रह कमी होऊ शकतो, पण त्याला अटी आहेत: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम मिळून करायचे असावे आणि वरच्या अधिकाराचा त्याला उघड पाठिंबा असावा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो असे दिसले आणि या अटी पाळल्या गेल्या तेथे तो अधिक घटला.

नुसते शेजारी बसवणे पुरत नाही, हे त्याच १९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील शिबिरात पाहिले होते. साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात बक्षिसांच्या चढाओढी लावल्या, तेव्हा झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. नंतर एकत्र जेवण आणि एकत्र चित्रपट असे उपाय केले. जेवणाच्या वेळी मुले एकमेकांवर अन्न फेकू लागली. शिबिराचे पाणी बंद पडले आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला, मालमोटार सुरू होईना आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढला, अशा प्रसंगांची मालिका झाल्यावरच वैर ओसरले. एक बाब सहसा सांगितली जात नाही: आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात हाच प्रयोग फसला होता, कारण तेथे मुलांची आधी आपसांत मैत्री झाली होती आणि नंतर गट पाडूनही ती एकमेकांविरुद्ध उठायला तयार झाली नाहीत.

आपल्या देशातील दोन अभ्यास मला याहून उपयोगाचे वाटतात. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या आणि कोणत्या तरुणाने मिश्र जातींच्या संघात खेळायचे व कोणी एकाच जातीच्या संघात, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की एकाच संघात खेळलेल्यांची इतर जातींत अधिक मैत्री जुळली आणि स्वजातीला झुकते माप देण्याची वृत्ती घटली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांच्या बाबतीत परिणाम बहुतांशी उलटा झाला. दुसरा अभ्यास गौतम राव यांचा, दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांचा. २००७ पासून तेथे गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुले होती ती अधिक उदार वागू लागली आणि सोबत खेळायला अधिक राजी झाली. धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, बक्षीस मोठे असेल तेव्हा जवळपास सगळेच चपळ गरीब मुलाला घेत. बक्षीस किरकोळ असेल तेव्हा भेदभाव डोके वर काढी, आणि गरीब वर्गमित्र असलेल्या मुलांत तो कमी असे. हा परिणाम बऱ्याच अंशी प्रत्यक्ष मिळून काम केल्यामुळे होता, हे राव यांना एका साध्या योगायोगामुळे तपासता आले: काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरानुसार पाडले जात, त्यामुळे कोण कोणाच्या गटात येईल यावर कोणाची निवड चालत नसे.

मला तर ही गोष्ट कोणत्याही वर्गात उद्या सुरू करता येण्यासारखी वाटते. मुलांना गट स्वतः निवडू दिले की गाव आणि वस्ती अशी रेघ आपोआप पडते. हजेरीपटाच्या क्रमाने गट पाडावेत, ते सत्रभर टिकवावेत, आणि काम असे द्यावे की प्रत्येकाच्या हातचे काही घातल्याखेरीज ते पुरे होणार नाही. कबड्डी किंवा खो-खोमध्ये वस्तीवरच्या मुलांचा वेगळा संघ करू नये. हौसेने केले जाते, पण लो यांचा अभ्यास नेमका त्याविरुद्ध जातो.

प्रतिसाद: गावशाळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हजेरीपटाप्रमाणे गट पाडण्याचे मी ठरवले आहे आणि मुख्याध्यापकांनीही होकार दिला आहे. वेगळ्या संघाची सूचना मला लागू पडते, कारण आमच्याकडे मागील स्पर्धेत तसाच संघ केला होता. एक प्रश्न शिल्लक राहतो. आमच्या एका तरुण सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन भाग करण्याच्या अमेरिकेतील प्रयोगाविषयी वाचले आहे आणि तसेच काही, रिबिनींचे दोन रंग देऊन, आपण करावे असे ते म्हणतात. मुलांना भेदभाव सोसण्याचा अनुभव आला तर ती तो करणार नाहीत, असा त्यांचा विचार आहे. तसे करावे का? आणि १८७१ चा कायदा वर्गात शिकवला तर त्या मुलालाच आणखी अवघडल्यासारखे होईल काय?

प्रतिसाद: निरीक्षा

रिबिनींचा प्रयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगते. जेन इलियट यांनी १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लगेचच, आयोवा राज्यातील राईसव्हिल या छोट्या गावात आपल्या तिसरीच्या वर्गात तो केला. एका गटाला श्रेष्ठ ठरवताच तासाभराच्या अवधीत मुले एकमेकांना टोचून बोलू लागली, कमी ठरवलेली मुले अभ्यासात मागे पडू लागली, आणि नंतर भूमिका उलटवल्यावर तेच दुसऱ्या बाजूला झाले. पूर्वग्रह किती लवकर पेरता येतो हे त्यातून विदारकपणे दिसले, पण ज्या शिक्षकावर मुलांचा विश्वास असतो त्यानेच त्यांना खोटे सांगून अपमानित करावे लागते. तसल्या प्रयोगाने मुलांचे वागणे दीर्घकाळ सुधारते असा पुरावाही भक्कम नाही. आपल्या वर्गात तर असे मूल आहे की ज्याला हा अनुभव रिबिनीशिवायच रोज येतो.

त्याऐवजी ताज्फेल यांचे तक्ते द्या. नाणे उडवून दोन गट करा आणि विभागणी नाण्याने केली आहे हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे फसवणूक होणार नाही. नाण्याने पाडलेल्या गटांतही पुष्कळांची निवड आपल्या गटाकडे झुकते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले आहे. कागदावर नावे नकोत. सर्वांचे कागद मिसळून कोणत्या रकान्याला किती खुणा पडल्या ते फळ्यावर लिहा, आणि १९ सोडून कमी का घेतले याची चर्चा मुलांनाच करू द्या. त्यात कोणी एकटा उघडा पडत नाही.

कायदा जरूर शिकवा, पण नागरिकशास्त्राच्या तासाला, कायदा म्हणूनच: नोंदणी, हजेरी, पास, वसाहत ही कलमे एका बाजूला आणि जन्माच्या आधारे भेदभावास मनाई करणारे संविधानातील १५ वे कलम दुसऱ्या बाजूला. कोणत्या जमाती त्या यादीत होत्या हे सांगताना आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू नका. उत्तर हिंदुस्थानापासून करा, कारण कायद्याचा प्रवासही तसाच झाला. त्या मुलाला ‘तुमच्याकडे कसे असते ते सांग’ म्हणून उभे करू नये. तो स्वतःहून बोलला तर वर्गाने ऐकावे, एवढी तयारी त्याआधी झालेली असावी, म्हणून सत्राच्या आरंभी गट आणि नंतर हा पाठ, असा क्रम मी सुचवेन.

तक्ते मी मराठीत तयार करून याच धाग्यावर देते. आकडे मूळ प्रयोगातलेच ठेवते, फक्त गुणांचे पैसे न करता ते गुणच ठेवते.